खांबाची जागा

चार म्हातारे एका ओट्यावर रोज बसू लागले की दुखणी वाढतात आणि किस्सेही. दुखण्यांवर निदान काढा तरी मिळतो, किस्स्यांवर काहीच उपाय नाही. म्हणून सांगून टाकतो.

आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या सुमाराची गोष्ट. मी मास्तरकीतून नुकताच रिटायर झालो होतो. तापीकाठच्या आमच्या गावी, लालबागेतल्या मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर आमची संध्याकाळची बैठक असे. ओट्यावर खांब एकच, पाठ टेकायची सोय तेवढीच. नियम असा की ज्याचं दुखणं त्या दिवशी सगळ्यांत भारी, त्याने खांबाला बसायचं. तिथे कायम तात्या. तहसीलीतले रिटायर कारकून, मूळचे खकनारकडचे. त्यांच्या गुडघ्याला आराम पडल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि मी ठणठणीत! त्यामुळे माझी जागा ओट्याच्या टोकाला, अर्धी हवेत.

*

एकदा कपाळ धरून गेलो. म्हटलं, "आज डोकं फार दुखतंय."

तात्या म्हणाले, "तुमचं कसं दुखंन गुरुजी? दुखायचं ते पोरांचं, तुम्ही शिकवत होते तव्हा."

टोकाला बसलो.

*

मग जरा वजनदार अवयव निवडला. डाव्या बरगडीखाली हात दाबून कण्हत म्हणालो, "लिव्हर सुजलंय."

कन्हैयालालशेठ, आमच्यातले कापडवाले, हळूच म्हणाले, "पर गुरुजी, लिव्हर तर उजवीकडे असते ना? आमच्या मुलाले तुम्हीच शिकवलं होतं."

शरीरशास्त्र हा माझा खास विषय. त्या दिवशी टोकालाही नीट बसवेना.

*

खांबाचा मोह शेठजींनाही होताच. "अख्खं राज्य नवं बनलं, राजधानी हलली," ते म्हणाले, "आता खांबाचीही बारी लावा." मी लगेच हात वर केला.

तात्या जागचे हलले नाहीत. "राजधानी न्या भोपाळले. खांब नाही हलत, त्याच्यावर देऊळ आहे."

*

शेठजींचे जावई नेपानगरला डॉक्टर. ते एकदा आम्हाला बघून म्हणाले, "नुसते बसू नका, चालत जा."

दुसऱ्या दिवशी मी पुढारी होऊन सगळ्यांना तापीच्या घाटाकडे घेऊन निघालो. वाटेत मावा-जिलेबीची कढई लागली. चवीपुरती घेऊ, असं म्हणणाराही मीच. पोटं इतकी जड झाली की टांगा करून परतलो. व्यायाम झाला तो घोड्याला.

*

पुढे थंडीत छातीत कळ आली. दुसऱ्याच एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हृदय कमकुवत झालंय, जपा." घरच्यांनी बरेच दिवस अंथरुणातून उठू दिलं नाही.

पुन्हा ओट्याकडे निघालो तेव्हा मनात आलं, आता खांब आपलाच. हृदयापुढे गुडघा काय करणार! पण देऊळ दिसलं आणि मला भीती वाटली. चारचौघांत बोललो की ते खरंच होऊन बसेल, असं वाटलं.

"इतके दिवस कुठे होते गुरुजी?" शेठजींनी विचारलं. "तबियत?"

"मजेत. घरी पाहुणे होते," म्हणालो आणि टोकाला बसलो.

तात्यांनी मला निरखून पाहिलं. मग हात टेकून उठले, लंगडत माझ्यापाशी आले.

"सरका गुरुजी," ते म्हणाले. "माझा गुडघा आज एकदम बरा आहे. तुम्ही तिकडे खांबाले बसा."