टोकाची की सपाट

कवळ्या करणाऱ्या बाई आणि त्यांचे पेंटर यांच्यात वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवरून भांडण चालायचं, ती म्हणजे होडी. आणि होडी तर त्यांच्याकडे नव्हतीच.

बाई दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत काम करायच्या. मेणात एकेक दात बसवायचा, प्लास्टर ओतायचं, तयार कवळी घासून गुळगुळीत करायची. पेंटर, म्हणजे त्यांचा नवरा, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सुट्टी आली की दोघं शहराबाहेरच्या तळ्यावर गळ घेऊन बसायची. काठावर. पेंटर अंगातला सगळा जोर लावून गळ फेकायचे आणि मासा उडायचा तो नेमका त्याच्या पलीकडे. “लग्न आत लागलंय आणि आपण दारात चपला सांभाळतोय,” असं ते म्हणायचे.

परतीच्या वाटेवर होड्यांचं आवार लागायचं. तारेच्या कुंपणाआड अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या होड्या मांडून ठेवलेल्या असत. तिथं थांबल्याशिवाय पेंटर कधी घरी आले नाहीत. लाकडाची नको, तिची उस्तवार कोण करणार; अ‍ॅल्युमिनियमला फार तर पोचा येईल, आणि दोघांना उचलताही येईल. इथवर नवराबायकोचं एकमत होतं. पुढं मात्र बिनसायचं.

पेंटरना हवी होती टोकदार, खोल तळाची. लाटा कापत जाणारी, मागं इंजिन लावून तळ्यातून निघणाऱ्या नदीतून थेट मोठ्या सरोवरात नेता येईल अशी. बाईंना हवी होती सपाट तळाची. उथळ पाण्यात चालते, कुणी उभं राहिलं तरी कलंडत नाही.

“ती होडी नाही, परात आहे,” पेंटर म्हणायचे. “तीत कणीक मळावी.”

“आणि तुमची ती सुई,” बाई म्हणायच्या. “दोरा कुठाय?”

हे स्वयंपाकघरात चालायचं, कपडे वाळत घालताना चालायचं. एकदा तर लेकीच्या सासरच्या मंडळींसमोर चाललं, आणि व्याही बिचारे होडी कुठं बांधून ठेवलीय ते पाहायला खिडकीशी गेले. लेकीचं शिक्षण, मग तिचं लग्न, मग घराचं गळकं छत. होडी आपली पुढच्या वर्षावर जात राहिली. त्याचं दोघांना फार वाईटही वाटत नसे. भांडायला मिळत होतं.

मग एका सकाळी दाढी करता करता पेंटर आरशासमोरच खाली बसले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. दवाखाना, औषधं, व्यायाम यांत बरेच महिने गेले. काठी टेकत चालण्याइतकं बळ परत आलं, पण शब्द फारसे आले नाहीत. जे यायचे ते वाकडेतिकडे, म्हणून पेंटरनी बोलणंच सोडलं. ज्या हातानं ओळ न आखता सरळ अक्षरं काढली, तो हात कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा मांडीवर ठेवून ते खिडकीत बसून राहायचे.

बाई कामावरून आल्या की त्यांच्याजवळ बसून मुद्दाम काहीबाही बोलायच्या. म्हणायच्या, टोकाच्या होड्या आता कुणी घेत नाही म्हणे. पेंटर मान डोलवायचे. म्हणायच्या, इंजिनाच्या आवाजानं मासे पळतात. त्यावरही मान डोलवायचे. हा होकार बाईंना सोसवायचा नाही. इतक्या वर्षांत या माणसानं होडीच्या बाबतीत त्यांचं काहीएक कबूल केलं नव्हतं.

तेव्हाच त्यांनी ठरवलं. लेकीला फोनवर सांगितलं, तर ती घाबरली. बाबांना न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागते आणि तुला होडी सुचतेय, असं बरंच बोलली.

“म्हणूनच घेतेय,” बाई म्हणाल्या, आणि नातवाच्या खोकल्याचं विचारू लागल्या.

त्या एकट्याच आवारात गेल्या. होडीवाला त्यांना ओळखत होता. पेंटर कुठं आहेत, असं त्यानं विचारलं. कळल्यावर त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि त्यांना टोकदार होडीपाशी नेलं. पेंटर ज्या होडीवरून हात फिरवायचे, तीच घडण. बाई तिच्यात चढल्या. काठ उंच होता. त्यांनाच साडी सावरून पाय टाकावा लागला. वजन पडताच होडी एका अंगाला झुकली.

मग त्या सपाट होडीत गेल्या. उजवा हात पोटाशी घट्ट धरला, उजवा पाय ओढत आत घेतला, डाव्या हातानं काठाचा आधार घेऊन बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. होडी जागची हलली नाही. होडीवाला हसला नाही. मधली फळी काढून तिथं पाठीची खुर्ची बसवून देतो, म्हणाला. जोड रिव्हेटच्या खिळ्यांचे नकोत, काही वर्षांनी ते झिरपतात, वेल्डिंगचीच घ्या. मग चाचरत त्यानं हेही सांगितलं की ही वाऱ्यानं भरकटते, लाटांवर आपटते, मोठ्या सरोवरात नेता यायची नाही.

बाईंना ते सगळं पाठ होतं. पेंटर हेच तर सांगायचे, आणि प्रत्येक मुद्द्याला त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. आता उत्तर मागणारं कुणी नव्हतं. भांडण त्या जिंकल्या होत्या. पत्र्यावर ऊन फार चमकतंय, असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी त्या पेंटरना घेऊन आल्या. पेंटर काठी टेकत आधी टोकदार होडीकडेच गेले. तिच्या नाकावर डावा हात ठेवून उभे राहिले. बाई कुंपणाकडे बघत राहिल्या. मग ते वळले, सपाट होडीपाशी आले आणि तिच्यावर काठी मारली. पत्रा वाजला. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले.

“प... परात.”

“हो, परात,” बाई म्हणाल्या. “बसा आता तीत.”

होडीवाल्याला तेवढ्यात दोरखंड शोधायचं सुचलं.

तेव्हापासून हवा बरी असेल त्या सुट्टीला दोघं तळ्यावर जातात. होडी पाण्यात ढकलायला काठावरचं कुणीतरी हात लावतं. बाई वल्ही मारतात, पेंटर खुर्चीत बसून डाव्या हातानं गळ सोडतात. आता फेकावा लागत नाही, मासे खालीच असतात. काही वेळा लागतो एखादा. बोलणं मात्र फार वाढलेलं नाही. आणखी दोन-चार शब्द आले, तेवढेच.

परवा दोघं तळ्याच्या मध्यावर असताना काठाकडून एक टोकदार होडी आली. मागं इंजिन, उभा राहून ती हाकणारा एक माणूस. थोड्या अंतरावरून पाणी कापत ती नदीच्या तोंडाकडे, सरोवराच्या दिशेनं गेली. पेंटरनी गळ वर घेतला आणि तिच्याकडे बघत राहिले. बाईही बघत होत्या. तिच्या मागची लाट हळूहळू त्यांच्याकडे येत होती. अशा वेळी होडीचं तोंड लाटेकडे धरायचं, म्हणजे हेलकावे बसत नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी एकच वल्हं मारलं आणि पेंटरनाही लाट मिळावी म्हणून होडी आडवी केली.