जाळीतलं लिंबू

मळवलीच्या बंगल्याची राखण आम्ही नवरा-बायको करतो आणि मागच्या दोन खोल्यांत राहतो. साहेब आणि बाई शुक्रवारी पुण्याहून येतात, रविवारी दुपारी परत जातात. तेवढ्या दिवसांत साहेबांची भारी गाडी धुणं, सावलीला लावणं हे काम आमच्या ह्यांचं. म्हणून किल्लीही ह्यांच्याकडेच असायची.

दिवाळीनंतर त्या गाडीत खोड निघाली. परत जाताना उर्सेचा टोलनाका ओलांडून वेग घेतला की स्टिअरिंगमागं साहेबांसमोर पिवळा दिवा लागायचा. पुण्याच्या मेकॅनिकनं यंत्र जोडून दिवा घालवला. पुढच्या रविवारी पुन्हा लागला.

तिसऱ्या खेपेला साहेब ह्यांना म्हणाले, "दुपारी आम्ही झोपलो की गाडी कुठं नेता का? कुठं घासली का?"

"न्हाई साहेब. धुतो आन लावतो, बास."

"खरं सांगा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." आणि त्यांनी किल्ली मागून घेतली.

खरं म्हणजे साहेबांच्या आधी मलाच संशय आला होता. हे एकदा जेवताना म्हणाले होते, "येकदा कार्ल्याच्या फाट्यापत्तूर न्यावी वाटती." म्हणून दिवा पहिल्यांदा लागल्यापासून मी शनिवारी दुपारी गाडीच्या टायरवर आंब्याचं पान ठेवत होते. चाक फिरलं की पान पडणार. संध्याकाळी बघायचे, तर पान जागच्या जागी. मग मी मेकॅनिकवर संशय घेतला. दिवा घालवतो तोच, तर लावतही तोच असेल.

पुढच्या शनिवारी साहेबांनी त्याला बंगल्यावरच बोलावलं. तो लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीत बसला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो साहेबांना सांगत होता, "पुढच्या गाडीचं अंतर मोजायचं यंत्र खालच्या जाळीमागं असतं. त्याच्यापुढं काहीतरी येतंय. उभ्या गाडीत येत नाही, पळताना येतं. म्हणजे काहीतरी हलतंय."

हलतंय ते काय, ते मला तिथंच कळलं.

आमच्याकडं दारात आलेली गाडी लिंबू-मिरचीशिवाय ठेवत नाहीत. दिवाळीत मी पुढच्या बाजूला लिंबू बांधलं होतं. बाईंनी ते दोन बोटांनी सोडून कचऱ्यात टाकलं. मला चैन पडेना. आमची चूल त्याच गाडीवर चाललेली. तेव्हापासून दर शनिवारी मी तारेत बिब्बा, लिंबू आणि सात मिरच्या ओवून खालच्या जाळीच्या आत अडकवत होते, बाहेरून दिसू नये असं. आठवड्यानं बघावं तर जुनं वाटेतच कुठं गळून पडलेलं असायचं. त्या दिवशीही सकाळीच नवं बांधलं होतं.

साहेब ह्यांच्याकडे वळले. "आता बोला, काय केलंत?"

साहेबांपुढं मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. कप खाली ठेवले आणि म्हटलं, "त्येन्ला ठावं न्हाई. आत लिंबू हाय. म्या बांदलंय."

मेकॅनिकनं आडवं होऊन बोटं घातली आणि तार ओढून काढली. "मावशी, या लिंबापायी मी साहेबांची अर्धी गाडी उघडली की."

साहेब हसले नाहीत. "आणखी कुठं काय बांधलंय?"

"काय न्हाई."

तरी त्यांनी सीटखाली, डिकीत, सगळीकडे बघायला लावलं.

रविवारी उर्से ओलांडल्यावर त्यांचा फोन आला, दिवा लागला नाही. पुढच्या शुक्रवारी त्यांनी येताच किल्ली ह्यांच्या हातात दिली.

ह्यांनी ती खिळ्याला अडकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "टायरवर पान तूच ठेवायचीस न्हवं?"

मी मान हलवली.

"चाक धुताना मी त्ये काडायचो. धुऊन झालं की परत हुतं तसं ठेवायचो."

म्हणजे पान जागेवर असायचं ते ह्यांच्याच हातानं. कार्ल्याच्या फाट्याचं मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी धुऊन झाल्यावर टायरच्या कडेला खडूची बारीक रेघ ओढली, आणि नेमकी तिच्याखाली फरशीवर दुसरी. चाक फिरलं तर दोन्ही जुळणार नाहीत.