मामीचा उलटा हात

मामीच्या दारात पाऊल टाकलं की "ये" म्हणायच्या आधी तिचा उलटा हात आपल्या मानेवर यायचा. कानाच्या खाली, केसांच्या मागे, घाम आहे की नाही ते बघायला. मान ओली लागली तर म्हणायची, "कावून एवढी घामेजलीस? काय लपवून आनलंस?" आणि कोरडी लागली तर, "स्टँडपसून ह्या उन्हात चालत आलीस आन् मान कोरडी? कुनाच्या गाडीवर बसून आलीस ते सांग आदी." मी खरं तेच सांगायचे. तिला ते कधीच पटलं नाही.

घाटनांदूरला आमच्या मामाच्या घरी सगळं होतं, फक्त विश्वास नव्हता. दूधवाल्याने दूध घातलं की मामी आधी दूध बघायची, मग दूधवाल्याचं तोंड. थर्मामीटर तर ती अंगाला लावू द्यायची नाही. "काचंच्या नळीला माझ्या अंगातलं काय कळतंय? ती काय माझ्या घरात नांदलीय?" धाकट्या सुनेने फ्रीज आणला तेव्हा मामी चार दिवस त्याच्याभोवती फिरली, त्याच्या पाठीला, पोटाला उलटा हात लावला आणि शेवटी म्हणाली, "ह्यो मधी गार करतो आन् ह्याला भायेरून घामच न्हाई. कायतरी गडबड हाय." त्यातलं पाणी ती शेवटपर्यंत प्यायली नाही.

तिचा भरवसा माठावर, तोही पारखून घेतलेल्या. बाजारात कुंभारापुढे ठाण मांडून बसायची. माठ भरायला लावायचा आणि पाझरेपर्यंत हलायचं नाही. रंग दिलेला, नक्षीचा माठ दिसला की नाक मुरडायची. "रंगानं ह्याची तोंडं बुजलीत. पाझरलाच न्हाई तर गार कसा व्हईल?" कुंभार बिचारा म्हणायचा, "मामी, सकाळपत्तुर पाझरंल की." मामी म्हणायची, "मग मी सकाळपत्तुर बसते." त्याला ती खरंच बसेल याची खात्री होती, म्हणून तो मुकाट्याने दुसरा काढून द्यायचा.

पण तिचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा संशय मामावर होता. मामा म्हणजे कुणीही काही सांगावं आणि याने मान डोलवावी असा माणूस. तरुणपणी त्याला दारूचा नाद होता. तो त्याने सोडला, कपिलधारला जाऊन, धबधब्याखाली उभं राहून शपथ घेतली. सगळ्या नातेवाइकांनी वाखाणलं. मामी म्हणाली, "एवढ्या पान्याच्या आवाजात देवाला ऐकू तरी आली आसंल का?" तेव्हापासून रोज संध्याकाळी शेतातून आल्यावर तोंडाचा वास द्यायचा हा मामाचा नेम झाला. दारात आला की तो स्वतःच आ करून उभा राहायचा. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. केस पांढरे झाले तरी माणसाने किती वर्षं आ करायचा?

मग तो मे महिना आला. मी सुट्टीला गेले होते. मामा सकाळी ठिबकच्या नळ्या जोडायला शेतात गेला आणि ऊन डोक्यावर असताना भिंतीला धरत धरत घरी आला. मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. बैलांना पाणी दाखव म्हणाला. बैल विकून कैक वर्षं झाली होती.

मामी दारातच आडवी आली. "पिऊन आलाव." मामाने आ केला नाही. हिनेच पुढे होऊन वास घेतला. वास नव्हता. एखादीला हायसं वाटलं असतं. ही म्हणाली, "वास न्हाई म्हंजी भारीतली दिसतीय." मामा ओट्यावर मटकन बसला, त्याची जीभ अडखळत होती. मामी त्याला चाचपायला लागली. खिसा बघितला, धोतराचा सोगा झटकला. पूर्वी तो बाटली बगलेत दाबून आणायचा, म्हणून तिने सदऱ्यात हात घालून बगल बघितली. आणि तिचा हात तिथेच थांबला.

"आगं पोरी," ती म्हणाली, आवाज एकदम बारीक झाला होता, "ह्यांची बगल कोरडी हाय. तव्यावानी तापलीय आन् घामाचा थेंब न्हाई."

तेवढ्यात शेजारची शेवंताकाकू गोधडी घेऊन धावत आली. ताप चढलाय, पांघरूण घाला, घाम काढा, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे सगळे तसंच करतात, मीही गोधडीला हात घातला होता. पण मामीचा शेवंताकाकूवर काडीचाही विश्वास नव्हता. "तुझी गोधडी तुझ्यापशी ठेव. उद्या नवीन व्हती आन् ह्यांनी फाडली म्हणशील." तिने घरातला माठ उचलला आणि सगळा मामाच्या डोक्यावर उपडा केला. मग ओल्या लुगड्यात गुंडाळून आम्ही त्याला रिक्षात घातलं; शेवंताकाकूही गोधडीसकट चढली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ओली फडकी अंगावर टाकली, पंखा सोडला, सलाईन लावलं. मामी माझ्या कानात म्हणाली, "पंखा काय आपल्या घरी नव्हता का? हा डॉक्टर शिकाऊ तर न्हाई?" डॉक्टरांनी ऐकलं असावं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "अंग तापलं की रक्त कातडीकडे धावतं, घाम सुटतो. तो घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. फार ऊन लागलं की हे सगळंच कोलमडतं. यांचा घाम बंद पडला, म्हणून उष्णता आतच कोंडली. ती मेंदूपर्यंत गेली, म्हणून असं बरळत होते. वर गोधडी घातली असती तर हाती लागले नसते."

"म्हंजी माठ पाझरायचा बंद झाला," मामी म्हणाली.

"अगदी तसंच."

"मग रंग कुनी लावला?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मामी मात्र शेवंताकाकूकडे बघत होती.

संध्याकाळी मामाच्या मानेवर घाम फुटला. मामी उलटा हात तिथे ठेवून बसली होती. तिने हात स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि ढसाढसा रडली. मामाने डोळे उघडले. पहिलं वाक्य काय बोलावं माणसाने?

"बाटली घावली का?"

मामीने पदराने तोंड पुसलं. "न्हाई," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पन मी नीट बगितलं न्हवतं."

त्यानंतर तिने त्याच्या तोंडाचा वास कधी घेतला नाही. मामा मात्र सवयीने दारात आ करायचा आणि ती म्हणायची, "मिटा आता. माशी जाईल."

गेल्या उन्हाळ्यात मामीने अंथरूण धरलं. म्हाताऱ्या अंगाला तहान कळत नाही, घामही पुरेसा सुटत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मामा तासातासाला तिच्या मानेवर उलटा हात ठेवायचा. ती डोळे न उघडता विचारायची, "काय हुडकायलाव?" तो म्हणायचा, "बाटली." ती हसायची, मग वाटीभर पाणी प्यायची, आधी वास घेऊन.

तो उन्हाळा तिने काढला. थंडीत गेली, पहाटे, झोपेतच. तेच डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले आणि मान हलवली. मामाने आयुष्यात कुणावर संशय घेतला नव्हता. त्याने पुढे होऊन तिच्या मानेवर उलटा हात ठेवला, मग गोधडीखाली बगलेत घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"ऊब हाय की अजून," तो डॉक्टरांना म्हणाला. "तुमी नीट बगितलं न्हाई."