मोराचा दुसरा आवाज

माझ्या फोनमध्ये पक्ष्यांची ॲप आहेत आणि त्यांना कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. एक आवाज ऐकून पक्षी ओळखतं, दुसऱ्यात मी दिसलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवते. पोंभुर्ण्याकडचं आमचं गाव, घरामागे जंगल. ॲप नसतं तर अर्धे पक्षी मला नुसतेच ‘काहीतरी ओरडतंय’ एवढ्यावर राहिले असते. पण त्या सकाळी दिराच्या हातातला फोन मी दगडावर आपटायच्या बेतात होते.

मोह गळायचे दिवस होते. सासूबाई उजाडताच नाल्यापलीकडे आमच्या मोहाखाली फुलं वेचायला गेल्या होत्या. वाघ असल्यामुळे बायका एरवी घोळक्याने जातात. त्या दिवशी शेजारी लग्न होतं, सोबतीला कुणी नव्हतं आणि सासूबाईंना फुलं वाया घालवायची नव्हती. म्हणून मागोमाग मी आणि दीर निघालो. दीर गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला, सुट्टीवर आलेला. नव्या कॅमेऱ्याने त्याला वेड लावलं होतं आणि त्याला मोर हवा होता.

मी पुढे चालत होते. नाल्याच्या अलीकडे तो मागे थांबला, स्वतःच्या फोनमधल्या पक्ष्यांच्या ॲपमध्ये मोर शोधला, आवाज पूर्ण वाढवला आणि हाताला लागलं ते रेकॉर्डिंग लावलं. तो केकारव नव्हता. तो मोराचा दुसरा आवाज होता, तुटक आणि घोगरा, वाघ दिसला की काढतो तो.

“भाऊजी, बंद करा ते.”

“काऊन वहिनी? मोर बोलावून राह्यलो.”

“आई तिकडं एकट्या हायेत. बंद करा म्हणते नं.”

त्याने बंद केलं, पण तोवर उशीर झाला होता. आमच्याकडे वेचणाऱ्या बायका कानाच्या भरवशावर जंगलात जातात. हा आवाज आला की टोपली तिथेच सोडायची, हूं की चूं करायचं नाही आणि आवाजापासून लांब सरकायचं. आवाज आमच्याकडून, म्हणजे घराच्या वाटेवरून आला होता. सासूबाईंना उरली ती तलावाकडची वाट. तलावाकाठी आदल्या संध्याकाळी गुराख्यांना वाघाचे ताजे माग दिसले होते. ते सासूबाईंनाही ठाऊक होतं. पण मोर बोलला म्हणजे वाघ आता इकडे आलाय, असंच त्या धरून चालणार होत्या.

मी हाका मारत धावले. ओ आली नाही. मोहाखाली टोपली कलंडलेली होती, फुलं सांडलेली. दीर काहीतरी समजावू लागला तेव्हा मी त्याला गप्प राहा म्हटलं, आणि चांगल्या शब्दांत म्हटलं नाही. मला प्रचंड भीती वाटत होती. तलावाकडे जाताना दर वळणावर मी आधी जमिनीकडे बघायची, लुगड्याची चिंधी दिसेल म्हणून, आणि मग समोर.

सासूबाई तलावाच्या पाळीवर उभ्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी माझा दंड इतका आवळला की दुखला.

“मोर तिकडं बोलला नं? मंग तुमी तिकडून कशे आले? मले वाटलं, तुमालेच धरलं.”

जीव वाचवायला त्या पळाल्या होत्या आणि तिथे उभ्या राहून आमच्यासाठी रडत होत्या. दिराने खाली मान घालून फोनचं सांगितलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “हुबेहूब तसाच बोलते का थो?” दीर हो म्हणाला.

दीर गडचांदूरला परत गेला. मोह अजून गळतच होता, म्हणून आठवड्याभरात सासूबाई आणि मी पुन्हा त्याच झाडाखाली होतो. या वेळी शेजारणीही आसपास होत्या. आणि नाल्याच्या अंगाने मोर बोलला. तोच आवाज. बाकीच्या बायकांच्या टोपल्या त्याच क्षणी खाली पडल्या. माझीही पडली. सासूबाई मात्र टोपली कमरेशी धरून तशाच उभ्या राहिल्या आणि माझ्या हातांकडे बघू लागल्या.

“फोन हाय का तुह्याजवळ?”

“नाई,” मी म्हटलं, “घरी हाय.”

तेव्हा कुठे त्यांनी टोपली सोडली.