आई भवानीशी अबोला

त्या वर्षी मी देवीशी बोलणं बंद केलं होतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. लग्नापासून मंगळवार केले, नवरात्रात तुळजापूर चुकवलं नाही, आणि २०२०च्या जून महिन्यात माझे यजमान सोलापूरच्या दवाखान्यात करोनानं गेले, तेव्हा मी आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ लेकीच्या घरी तिच्या बाळाला तेल चोळत होते. बाळंतपणासाठी मी फेब्रुवारीत आले होते. यजमान एप्रिलमध्ये नातीला बघायला येणार होते. मार्चमध्ये विमानं बंद झाली, आणि मी इकडे अन् ते तिकडे अडकले.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. नोकरीत कितीतरी परक्या माणसांच्या उशाशी बसले. ज्यांचं कुणी वेळेवर पोचू शकलं नाही, त्यांचा हात मी शेवटपर्यंत हातात धरला. आणि ज्यांच्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला, त्यांच्या उशाशी त्या वेळी कुणी होतं की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. फक्त निरोप आला. मी देवीला एवढंच विचारलं, की माझ्याकडून इतकी सेवा करून घेतलीस, मग माझ्या माणसाजवळ बसायला तुला एक माणूस मिळालं नाही का? त्या दिवसापासून दिवा नाही, उपास नाही, नमस्कार नाही. रेवती, माझी लेक, समजावायला आली, तर तिलाही म्हटलं, की या भांडणात तू पडू नकोस.

ऑगस्टमध्ये फिरण्याची बंदी उठलेली होती. मी दिवसभर खिडकीशी बसून असते हे रेवतीला बघवेना. जावई रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात कामाला. त्यांना रजा नव्हती आणि घरची गाडी त्यांना लागायची. म्हणून रेवतीनं चार दिवसांसाठी गाडी भाड्यानं घेतली आणि मला, बाळाला घेऊन पश्चिमेच्या किनाऱ्याकडे निघाली. मला जायचं नव्हतं. तिचं तोंड बघून गाडीत बसले.

त्या देशात ऊन कौतुकानं पडतं. ते चार दिवस मात्र आभाळ लख्ख होतं. एकेक वळण संपलं की खाली निळाशार समुद्र, हिरव्या उतारावर मेंढ्या, रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल लोंबत्या फुलांची कुंपणं. रेवती गाडी थांबवून म्हणायची, आई, बघ तरी. मी बघायची, आणि इतकं सुंदर काही अजून शिल्लक आहे याचाच राग यायचा. एका टेकडीवर दर्यावर्दींसाठी उभारलेली मेरीची मूर्ती होती. रेवतीनं हात जोडले. मी पदर खोचून, हाताची घडी घालून, मुद्दाम ताठ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका अरुंद रस्त्यावर समोरून मोठी व्हॅन आली. रेवतीनं गाडी मागे घेतली आणि डावं चाक गवताखाली झाकलेल्या चरात गेलं. व्हॅनवाल्याला ते कळलंही नसावं. तो निघून गेला. फोनला रेंज नव्हती. उन्हानं बाळ रडायला लागलं, रेवतीही रडायला लागली. मी गाडीतून उतरले आणि कितीतरी आठवड्यांनी देवीशी बोलले. मोठ्यानं म्हणाले, "अजून काय काढून घ्यायचं राहिलंय, तेही सांगून टाक."

थोड्या वेळानं कुंपणापलीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. सत्तरी ओलांडलेला एक शेतकरी फाटकातून बाहेर आला, लांबच उभा राहिला आणि रेवतीला म्हणाला, की काही काळजी करू नका, सगळं ग्रँड होईल. तिकडे ‘ठीक’ म्हणायचं तर ग्रँड म्हणतात. त्यानं साखळी आणली, गाडीला अडकवली आणि दोन हिसक्यांत चाक वर काढलं. साखळी सोडवताना मात्र तिची कडी त्याच्या तळहातात घुसली. बरंच रक्त आलं. तो रुमाल गुंडाळून जाऊ लागला. माझ्या पिशवीत पट्टी, कापूस, औषध कायम असतं. मास्क चढवला, हात धुतले आणि पुढे झाले.

रेवती घाबरून म्हणाली, "आई, अंतर."

मी म्हटलं, "अंतर ठेवून पट्टी बांधता येत नाही."

दगडी कठड्यावर त्याला बसवलं, जखम धुतली, दाबून धरली. रक्त थांबेपर्यंत त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत होता. त्याची बोटं माझ्या बोटांवर आवळली. मला वाटलं दुखतंय, म्हणून वर पाहिलं, तर त्याचे डोळे भरून आले होते. मग तो हळूहळू बोलू लागला आणि बाळाला खांद्यावर घेऊन रेवती मला मराठीत सांगत गेली.

एप्रिलमध्ये त्याची बायको दवाखान्यात वारली होती. त्याला आत सोडलं नव्हतं. गाडी लावायच्या जागेत तो बसून राहिला होता. आतून एका नर्सनं त्याला फोन केला. ती भारतातली होती. तिनं सांगितलं, की तुमच्या बायकोला दुखलं नाही, मी जवळ बसले होते, तिचा हात मी सोडला नाही. तिचं नाव त्याला नीट कळलं नाही आणि त्या अवस्थेत पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. तेव्हापासून त्याचाही हात कुणी धरला नव्हता.

"तिला द्यायचे आभार तसेच राहिलेत," तो म्हणाला. "तुम्ही घ्याल का?"

मी रेवतीला म्हटलं, सांग त्यांना, ती मी नव्हे. तो म्हणाला, "ठाऊक आहे मला. पण आज इथे तुम्ही आहात."

मग मी ते आभार घेतले. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. निघताना मी रेवतीकरवी विचारलं, की तुम्ही अजून देवाला मानता का? तो हसला. म्हणाला, रोज सकाळी शेतात उभा राहून त्याला चांगला झापतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

त्या संध्याकाळी मला एकच गोष्ट डाचत होती. कुणी बसलं होतं की नाही, हे मी देवीला विचारत राहिले होते. ज्यांना माहीत असेल त्यांना विचारलंच नव्हतं. उत्तर नाही असं येईल, या भीतीनं धजावले नव्हते. सकाळी जुन्या मैत्रिणीला, शैलाला, फोन लावला. ती सोलापूरलाच नोकरी करून निवृत्त झालेली. तिनं दुसऱ्याच दिवशी यजमान होते त्या वॉर्डात काम करणाऱ्या मावशींचा पत्ता काढला आणि त्यांना फोनवर आणलं. परत निघताना समुद्राकाठी गाडी उभी करून मी त्यांना विचारलं, की शेवटी यजमानांजवळ कुणी होतं का?

"व्हय की ओ बाई, मीच हुते," मावशी म्हणाल्या. "पानी मागायचे, चमच्यानं पाजत हुते. सारखं म्हनायचे, माजी मंडळी सिष्टर हाय, तिच्यावानी सुई कुनाला टोचता येत न्हाई. शेवटाला हात धरून बसले हुते मी. सोडला न्हाई."

मला रडू आलं आणि हसूही. हे आमचेच. सुईला इतकं घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फोन कानाला तसाच ठेवून मी डोकं टेकवलं, गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर. तो नमस्कार कुणाला गेला, मावशींना की आणखी कुणाला, ते मी आजही ठरवलेलं नाही.

जानेवारीत मी सोलापूरला परत आले. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, वॉर्डांत माणसं पुरेनात आणि निवृत्त सिस्टरांनाही विचारणा होऊ लागली. रेवतीनं फोनवर खूप विरोध केला. माझं वय काढलं, साखर काढली, बाबांची आठवण दिली. मी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नाव दिलं. जायच्या आधी देवीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, की तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि जाईल असं वचनही देणार नाही. तू जिथे पोचत नाहीस तिथे आम्ही बसतो, एवढंच सांगायला आले.

वॉर्डात बसता बसता हळूहळू उमगत गेलं, की तिची पोचायची रीतच बहुधा ही असावी. कधी मावशींच्या रूपानं, कधी नाव न कळलेल्या त्या नर्सच्या, कधी माझ्यासारख्या भांडखोर बाईच्या. शरण जायचं म्हणजे तोंड मिटून घ्यायचं, असं मी इतकी वर्षं समजत होते. आता तसं वाटत नाही. भांडता भांडताही तिचं काम हातून होऊ शकतं, आणि तेवढं तिला चालत असावं.

पहिल्याच पाळीत एका आजोबांनी मला विचारलं, सिस्टर, तुम्ही जाणार तर नाही ना? मी स्टूल ओढलं, हातमोज्यातला हात त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "नाही जात. बसलेय मी."