बारा नंबरचं बनियन

आमच्या कबड्डीच्या संघात बनियनं बारा आणि खेळणारे तेरा झाले, यात माझी काही चूक नव्हती. बारा नंबरचं बनियन माझं होतं. गावच्या शिंप्यानं निळ्या बनियनांच्या पाठीवर पांढऱ्या कापडाचे आकडे शिवले होते. माझ्या बनियनावरचा दोनाचा आकडा थोडा तिरका बसला होता, तरी मला तो आवडायचा.

दुष्काळाचं साल होतं. जामखेडच्या बाजूला प्यायला पाणी उरलं नाही म्हणून एक जण आमच्या गावात बहिणीकडे राहायला आला. माझ्याच वयाचा, उंच, काटक, फार न बोलणारा. दिवसा तो सडकेच्या कामावर खडी फोडायचा आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर येऊन बसायचा. एकदा सरावाला समोरच्या बाजूला एक गडी कमी पडला, म्हणून कप्तानानं त्याला आत घेतलं. पहिल्याच चढाईत त्यानं आमचे दोन गडी बाद केले. डाव्या पायाची लाथ अशी मागून यायची की समोरच्याला कळेपर्यंत तो मध्यरेषेवर पोचलेला असायचा.

त्याला बनियन कुठून द्यायचं? कप्तान मला म्हणाला, "तुमी दोघं बारा नंबर वाटून घ्या. आर्धा खेळ तू, आर्धा त्यो."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण कप्तानासमोर बोलायची सोय नव्हती. मग अर्धा खेळ झाला की मी रेघेबाहेर यायचं, बनियन काढून त्याच्या हातात द्यायचं आणि उघड्या अंगानं टॉवेल घेऊन बसायचं. कधी तो आधी खेळायचा, तेव्हा त्याच्या घामानं भिजलेलं बनियन मला अंगावर चढवावं लागायचं. ते गार, चिकट कापड पाठीला लागलं की माझं डोकं फिरायचं. माझीच आई ते धुवायची, माझ्याच अंगणात ते वाळायचं, आणि ते न्यायला तो आला की आई त्याला भाकरी खाऊ घालायची. "लेकरू गुनाचं हाय," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची.

त्या वर्षी आमच्या भागात विहिरींना बोअर मारायच्या मशिनीबरोबर एक अमेरिकन तरुण आला होता. संध्याकाळी तो आमचा खेळ बघायला यायचा. मोडकंतोडकं मराठी बोलायचा. त्याच्या देशात फुटबॉल हातानं खेळतात, डोक्याला टोप घालून एकमेकांना धडका देतात, असं त्यानं सांगितलं तेव्हा आम्हाला ते खोटंच वाटलं होतं. आमची बनियनाची अदलाबदल त्यानं पाहिली आणि त्याला फार गंमत वाटली.

"तिकडे आत्ता बारा नंबर फार मोठा," तो आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाला. "चार-पाच मोठे खेळाडू. सगळे चेंडू फेकणारे. सगळे बारा. खरा बारा कोण, लोक रोज भांडतात. पण कोणी लहान नाही."

तो आमची समजूत घालत होता. माझ्या शेजारी बसलेला जामखेडचा गडी मान डोलवत होता. मी मात्र मनात म्हटलं, तुझे बारा नंबरवाले वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या बनियनांत. एकाच बनियनात दोघांना घालून दाखव, मग बघू कोण लहान नाही ते.

त्यानं आणखी एक सांगितलं. एखादा फारच मोठा खेळाडू संघ सोडून गेला, तर त्याचा नंबर तिथं पुन्हा कोणाला देत नाहीत. ते माझ्या मनात बसलं. तालमीच्या भिंतीवर खुंटीला माझं बनियन टांगलंय आणि पोरं वर बघतायत, असं मला दिसायला लागलं.

जत्रेत सामने होते. साखर कारखान्याचे एक साहेब बघायला येणार, आवडलेल्या गड्याला कारखान्याच्या संघात घेणार आणि कायमची नोकरी देणार, अशी बातमी होती. माझ्या घरी कोरडवाहू चार एकर आणि आम्ही तीन भाऊ. ती नोकरी मला हवी होती. त्यालाही हवी असणार, पण त्याचा विचार मी कशाला करू?

पहिला अर्धा डाव मी खेळलो. दोन गडी बाद केले, एक पकड केली. वाईट खेळलो नाही, हे आजही सांगतो. मग बनियन त्याला दिलं. आणि लाऊडस्पीकरवर सुरू झालं, "बारा नंबरची चढाई! पुन्हा बारा नंबर!" पोरं झाडावरून ओरडत होती. माझाच नंबर, माझ्याच आईनं धुतलेला, आणि मी टॉवेल पांघरून बसलो होतो. समोरचे सगळे गडी बाद होऊन लोण चढला, सामना हातात आला, तेव्हा शेवटच्या दोन-तीन चढायांसाठी कप्तानानं मला पुन्हा आत घेतलं. खेळ संपला तेव्हा बनियन माझ्या अंगावर होतं.

साहेब मैदानात आले. "बारा नंबर कोण?"

मी पुढं झालो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि हात काढून घेतला. "तू न्हाई. त्यो डाव्या पायाचा."

तो रेघेबाहेर उघडा बसला होता. त्याला उठवून नेलं.

पुढच्या आठवड्यात तो कारखान्यावर राहायला गेला. जाताना आईच्या पाया पडला. मला म्हणाला, "बनियन आता तुहंच." मी बरं म्हटलं. तालमीत तो अमेरिकन कप्तानाला समजावत होता, की हे बनियन आता भिंतीवर टांगा, तो फार मोठा खेळाडू होता.

कप्तान म्हणाला, "आन मग ह्यानं काय उघडं खेळायचं व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो.

बनियन पुरतं माझं झालं. पहिल्यासारखं, कोरडं, घरी घडी घातलेलं. पुढच्या सामन्यात मी पहिल्यांदा चढाईला निघालो तेव्हा लाऊडस्पीकरवर आवाज आला, "बारा नंबरची चढाई!" सगळी गर्दी उठून पुढं सरकली. मी मध्यरेषा ओलांडली, कबड्डी कबड्डी म्हणत समोरच्या कोपऱ्याकडं वळलो, तेवढ्यात रेघेजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला नीट न्याहाळलं आणि शेजारच्याला विचारलं, "आरं, बारा नंबर कुटं गेला?"

मी दम धरलेला होता. कबड्डी कबड्डी म्हणतच राहिलो.