भैरवी होईपर्यंत
लग्नघरात अत्तरदाणी फिरू लागली की त्या वासानं मला टेंभी नाक्याजवळची आमची ओसरी आठवते. माझे सासरे, म्हणजे मामंजी, गाण्याचे शौकीन. दर पौर्णिमेला दिवेलागणीनंतर आमच्याकडे बैठक बसायची, कल्याणहूनसुद्धा मंडळी यायची, आणि आम्ही बायका पडद्याआडून ऐकायचो. त्या महिन्यात मुंबईत गाठीचा ताप सुरू झाल्याचं सगळ्यांच्या कानावर आलं होतं. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचं, हेही ठाऊक होतं. त्या पौर्णिमेला गायला बसलेल्या बुवांचा आवाज नुकता लागला होता, तोच आढ्यावरून एक उंदीर जाजमावर पडला, जरासा तडफडला आणि निपचित झाला. बुवा थांबले. मामंजींनी त्याच्यावर आपलं उपरणं टाकलं. "चालू द्या बुवा," ते शांतपणे म्हणाले, "भैरवी झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी उठत नाही." खरंच कुणी उठलं नाही. इकडच्या स्वारीनं तेवढी मांडी मागे सरकवलेली मी पाहिली. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. "कुणीतरी उठा म्हणावं गं," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, पण बाहेर जाऊन म्हणणार कोण? भैरवी सावकाश, सगळ्या अंतऱ्यांसकट झाली. मग मामंजींनी उपरण्याची पुरचुंडी करून परसात टाकली आणि दारात उभं राहून त्याच हातांनी प्रत्येकाला अत्तर लावलं. पुढच्या पौर्णिमेला गावाबाहेरच्या झोपडीत सासूबाई आणि मी, दोघीच होतो. अजूनही अत्तरदाणी जवळ आली की मी हात पदराखाली घेते. विधवा म्हणून घेते, असं लोकांना वाटतं. मी वाटू देते.